वेडाचे गाव

आमच्या देवळाली कॅम्पचे नाव इंग्रजी कोशात आहे, आणि अर्थ? वेडा, भ्रमिष्ट! मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा. पहिला शब्द म्हणजे देवळाली, दुसरा आपलाच ताप. गावाला असा डाग लागला म्हणून रागवावे काय?

तत्पूर्वी त्या शब्दाचे जन्मस्थान पाहावे. १८६१ साली येथे गोऱ्या पलटणींचा तळ पडला. नोकरीची मुदत संपलेले शिपाई विलायतेचे जहाज मिळेपर्यंत येथे थांबत. जहाजे हिवाळ्याच्या सुमारासच सुटत. ती हुकली की महिनोन्‌ महिने मुक्काम. हाताला फारसे काम नाही, वर ऊन आणि हिवताप. काहींचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. सोबत्यांनी थट्टा केली आणि थट्टेचा शब्द झाला.

पंडितांच्या इंग्रजीने नव्हे, बराकीतल्या बोलीने तो घडवला. त्याच बोलीने मायदेशाला 'ब्लायटी' म्हटले. ते आपल्या 'विलायती'चे रूप. म्हणजे वेडाला शब्द आमचा आणि घराच्या ओढीलाही आमचाच!

ते राज्यकर्त्यांचे शिपाई होते, हे मी विसरत नाही. त्यांच्यासाठी हळहळण्याचे ऋण आपल्यावर आहे काय? मला वाटते, आहे. घरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्याला शत्रू म्हणणे मला तरी जमत नाही.

तो शब्द कोशातून काढावा असे मी म्हणणार नाही. 'वेडा' या अर्थापुढे 'वाट पाहून' एवढे दोन शब्द मात्र वाढवावेत.