पिंडाजवळचा शब्द

दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना. ओहोळाच्या काठी पिंड मांडलेला, आभाळ गच्च भरून आलेले, आणि समोरच्या माडावर दोन कावळे निवांत बसून आमच्याकडे बघत होते. आमच्या पेडण्याकडच्या गावात बायकांनी तिथे जायची रीत नाही. मी गेले आणि त्या दिवशी कोणी अडवले नाही. काकांनी हात जोडले. "दादा, पोरांची काळजी करू नको." कावळे ढिम्म. "वहिनीला अंतर देणार नाही." तरीही नाही. भटजींनी दुसऱ्यांदा घड्याळ बघितले. तेवढ्यात मागून आत्या जरा वैतागूनच म्हणाली, "अरे, तरव्याचे सांगा त्याला!" काका म्हणाले, "तरवा आम्ही लावतो, दादा. शेत पडीक ठेवत नाही." दोनातला एक कावळा खाली उतरला.

तो योगायोग होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. भूक लागली की कावळा येतो. पण बाबा गेले ते सकाळी तरवा बघून येतो म्हणून बाहेर पडले आणि बांधावरच गेले. भाताची रोपे वीतभर झाली होती, लावणी चार दिवसांवर होती. हातात कोयता, खिशात विडीचे बंडल. आजारी नव्हते, डॉक्टरकडे जायचे नव्हते, कोणाला काही सांगून ठेवलेले नव्हते. दीर्घ आजारात माणूस थोडा थोडा जातो आणि त्या अवधीत घर नकळत त्याची कामे वाटून घेते. अचानक गेलेल्या माणसाची कामे आहेत त्याच जागी उघडी पडून राहतात. आमच्या पूर्वजांनी हे ओळखले असावे. म्हणूनच त्यांनी दहाव्याला रडण्यापेक्षा शब्द देण्याला महत्त्व दिले: मृताचे काय राहिले ते आठवा, मोठ्याने बोला, चार माणसांसमोर अंगावर घ्या.

त्या दिवसापासून मला वारंवार एक दुसरी मुलगी आठवते. तिचे वडीलही मूळचे पेडण्याचेच.

१२ ऑगस्ट १९७३, श्रावणातला रविवार. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, लोकांचे भाऊसाहेब, हृदयविकाराने गेले. वय ६२. १९६३ च्या डिसेंबरात, मुक्तीला दोन वर्षे होता होता, त्यांनी सरकार स्थापन केले होते आणि मधला थोडा काळ वगळला तर तेव्हापासून कारभार त्यांच्याच हातात होता. खाणमालक असूनही कुळा-मुंडकारांना ते आपले वाटत. त्यांची थोरली मुलगी शशिकला काकोडकर १९६७ पासून विधानसभेत होत्या, १९७२ साली डिचोलीतून निवडून येऊन वडिलांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या होत्या. वडिलांचे तेरावे व्हायच्या आत त्या मुख्यमंत्री झाल्या. वय ३८. देशात त्यांच्याआधी फक्त दोन बायका या पदावर पोहोचल्या होत्या, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओडिशात नंदिनी सत्पथी. गोव्यात त्यांच्यानंतर आजतागायत एकही नाही.

सत्तेला सुतक नसते, हे गोव्याने पुढेही पाहिले. मार्च २०१९ मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गेले आणि दुसऱ्याच रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. पण पर्रीकरांचे दुखणे वर्षभर साऱ्या राज्याला दिसत होते. १९७३ मध्ये कोणालाच काही दिसत नव्हते. शिवाय तिथे गेलेला नेता आणि गेलेला बाप एकच होता. रविवारी वडील गेले, मंगळवारी नारळी पौर्णिमा, बुधवारी स्वातंत्र्यदिन आणि तीन आठवड्यांच्या आत चवथ. गोव्याच्या घरात चवथीला गणपतीवर माटोळी बांधायची, तर कुठल्या दोरीला कुठले फळ हे सहसा एका माणसाला ठाऊक असते. आमच्याकडे ते बाबांना ठाऊक होते. बांदोडकरांच्या घरी कोणाला ठाऊक होते आणि त्या वर्षी माटोळी कोणी बांधली, हे कुठल्याही गॅझेटात सापडणार नाही. मुख्यमंत्र्यांच्या शोकाची सरकारदरबारी नोंद होते. मुलीच्या शोकाची होत नाही.

अशा प्रसंगी आपण दोन वाक्ये तयार ठेवलेली असतात. "कामात मन गुंतव, विसरशील" हे एक. "जबाबदारी पडली म्हणून खंबीर झाली" हे दुसरे. दोन्ही मला खोटी वाटतात. तरवा लावताना मी बाबांना विसरले नाही. उलट ते कुठे वाकत, कुठे थांबून पाठ सरळ करत, हे मला पहिल्यांदाच कळले. आणि खंबीर वगैरे मी झाले नाही. संध्याकाळी चिखलाचे पाय धुताना रोज रडायला यायचे. मात्र त्या रडण्याला एक वेळ होती आणि एक जागा होती. रिकाम्या घरात ते दिवसभर माझ्या मागे हिंडले असते.

काकोडकरांच्या मनात काय चालले होते हे मी सांगू शकत नाही. त्यांनी काय केले ते मात्र कायद्याच्या पुस्तकात आहे. १९६४ साली, बांदोडकरांच्या कारकिर्दीत, गोव्यात कूळ कायदा आला. त्याने कुळाला संरक्षण दिले, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाचीच राहिली. १९७५ साली, मुलीच्या कारकिर्दीत, मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, घरातून हुसकावता येऊ नये म्हणून कायदा झाला. १९७६ साली कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली आहे असे मानले जाईल, असे ठरले. वडिलांनी अर्ध्यावर आणून ठेवलेले वाक्य मुलीने पुरे केले. पिंडाजवळ दिलेला शब्द म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

या शब्दाची किंमतही त्यांनी मोजली. भाऊसाहेबांच्या मुलीला सगळे भाऊसाहेबांच्या मापाने मोजत राहिले. चांगले झाले तर वडिलांची पुण्याई, बिघडले तर "भाऊ असते तर". १९७७ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, ते पुरते त्यांचे स्वतःचे यश होते. तरी एप्रिल १९७९ मध्ये फाटाफुटीत सरकार पडले. पुढे त्या वडिलांच्या पक्षाबाहेर गेल्या, वडिलांच्या नावाचा वेगळा पक्ष काढला, परतही आल्या. राजकारणी लोक त्याला धरसोड म्हणतात. मला त्यात वडील गेलेल्या कोणत्याही मुलीची घालमेल दिसते: यातले कुठले त्यांचे म्हणून सांभाळायचे, कुठले माझे नाही म्हणून खाली ठेवायचे? गेलेल्या माणसाची सगळीच इच्छा पुरी करणे बंधनकारक नसते. कावळ्यालाही एवढे कळत असावे. तो सगळी यादी ऐकत बसत नाही.

जाता जाता एक गंमत. गोव्याने बापाला "भाऊ" म्हटले आणि मुलीला "ताई". दोघेही लोकांच्या तोंडी एका पिढीत येऊन बसले, बहीणभावंडांसारखे. आई-वडील अचानक जातात तेव्हा असेच काहीसे होते. मधली पायरी निघून जाते आणि आपण एका रात्रीत त्यांच्या बरोबरीला जाऊन उभे राहतो. ताई २०१६ च्या ऑक्टोबरात गेल्या, वय ८१. शेवटच्या वर्षांतही त्या प्राथमिक शिक्षण मराठी-कोकणीतूनच व्हावे म्हणून चाललेल्या आंदोलनात पुढे होत्या. मिरामारच्या वाळूजवळ भाऊसाहेबांची समाधी आहे. संध्याकाळी तिच्या आसपास लोक भेळ खातात, पोरे धावतात.

आमच्या घरी वारसाहक्कावरून वाद झाला नाही. पोर्तुगीज अमदानीपासून गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, त्यात कोणी मेहेरबानी केली असे वाटत नाही. अग्नी भावाने दिला. कागद माझ्याकडे आले. बाबांच्या ट्रंकेत खताच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल होती. त्यात एक-चौदाचा उतारा, आजोबांच्या वेळच्या खंडाच्या पावत्या आणि मामलेदार कचेरीत द्यायचा अर्धवट भरलेला अर्ज. पाचव्या दुरुस्तीने जमीन कुळाची झाली खरी, पण ती रीतसर नावावर व्हायला किंमत ठरावी लागते, सनद मिळावी लागते, आणि गोव्यातल्या अनेक कुळांप्रमाणे बाबांनीही ते काम पावसानंतर, मग चवथीनंतर, मग काजूच्या हंगामानंतर, असे पुढे ढकलत आणले होते. अर्जावर नाव, गाव, सर्व्हे नंबर त्यांच्या तिरप्या अक्षरात आहे. सहीची जागा कोरी आहे.

अर्ज आता नव्याने, माझ्या नावाने भरावा लागणार आहे. उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात अजून बाबांचेच नाव आहे. वायंगणीची कापणी झाली की कचेरीत जाईन.