आकाशातील पाहुणा व गोठ्यातील सोबती

सन १९७७ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतून ‘व्हॉयेजर’ नावाचे एक यान आकाशात सोडण्यात आले. त्याचे जुळे यान थोडेच दिवस आधी निघाले होते. ह्या दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविलेली आहे. ताऱ्यांच्या प्रदेशात कोणी बुद्धिमान प्राणी असलाच, व त्याच्या हाती ती लागलीच, तर आपणांविषयी त्यास काही कळावे, हा पाठविणारांचा हेतू. तबकडीवर पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गाइलेली भैरवीही तीवर आहे. ते यान निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आतच बाई निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र २०१२ साली ताऱ्यांमधील अवकाशात जाऊन पोहोचला.

त्याच तबकडीवर अभिवादनांच्या जोडीला देवमाशाचे गाणे घातलेले आहे. त्याचा अर्थ पाठविणारांपैकी एकासही ठाऊक नव्हता. आणि त्या वर्षी समुद्रावर देवमाशांची व्यापारी शिकार चालूच होती. ती थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव १९८२ साली झाला व १९८६ पासून अमलात आला. म्हणजे ज्याचे गाणे आपण परक्या ताऱ्याकडे भेट म्हणून धाडले, त्याच्या भाऊबंदांस त्याच वेळी आपण मारून कापीत होतो. वाचकांनी ह्या गोष्टीवर क्षणभर थांबून विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

ताऱ्यांकडे कान लावणारांची थट्टा करावी असा आमचा मुळीच उद्देश नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली रेडिओ दुर्बीण आपल्या महाराष्ट्राचे भूषण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तेथे आकाशातील अतिशय क्षीण लहरी टिपतात. तिचे मुख्य काम ताऱ्यांचा व आकाशगंगांचा अभ्यास हे होय. परंतु अशाच साधनांनी इतर देशांत १९६० पासून परक्या बुद्धीची चाहूल घेतली जात आहे. त्या कामी लागलेल्या विद्वानांची १९६१ साली अमेरिकेत पहिली सभा भरली, तीत डॉल्फिन माशांच्या बुद्धीचा अभ्यास करणारे एक गृहस्थही मुद्दाम बोलाविले होते. आपल्या शेजारच्या परक्या बुद्धीचे बोलणे आपणांस उमगत नसेल, तर दूरच्याचे कसे उमगणार, हा प्रश्न त्या विद्वानांस तेव्हाच सुचला होता. सामान्य जनांस तो अद्याप सुचलेला दिसत नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यातीलच गोष्ट घेऊ. जत तालुक्यातील माडग्याळची मेंढी बाजारात किती नावाजलेली आहे, हे सर्वांस माहीत आहे. तिच्या उंचीची व बाकदार नाकाची चर्चा होते. तिच्या डोक्यात काय चालते ह्याची कधी होत नाही. उलट मूर्ख मनुष्यास आपण ‘मेंढरू’ म्हणतो. परंतु इंग्लंडात केंब्रिजजवळील एका संस्थेत मेंढ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा असे आढळले की, एक मेंढी पन्नास दुसऱ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखते व ते दोन वर्षांहून अधिक काळ स्मरणात ठेवते. ही हकीकत २००१ साली प्रसिद्ध झाली. कळपामागे जन्म घालविलेल्या धनगरास तिचे नवल वाटणार नाही. त्यास कोणी विचारलेच नव्हते, इतकेच.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराजवळ मांघर नावाचे गाव आहे. २०२२ साली त्यास ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर करण्यात आले. तेथील पेट्यांतून जी सातेरी माशी राहते, ती फुलांचा ठाव लागला म्हणजे अंधाऱ्या पोळ्यावर नाचून आपल्या बहिणींस तो कळविते. नाचाची रेघ सरळ वर गेली तर फुले सूर्याच्या दिशेस आहेत. रेघ जितकी कलेल तितके सूर्यापासून बाजूस वळावयाचे. आणि अंग थरथरविण्यास जितका अधिक वेळ लागेल तितके अंतर अधिक. कार्ल फॉन फ्रिश ह्या ऑस्ट्रियन पंडिताने ही भाषा उलगडली व १९७३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. परक्याचा संदेश म्हणजे जर दिशा व अंतर खुणेने सांगणे असेल, तर असा संदेश आमच्या सह्याद्रीत रोज सकाळी दिला जात आहे. मनुष्य मध काढीत आला, त्यास हजारो वर्षे झाली. नाच वाचता येऊन शंभर वर्षेही झाली नाहीत!

कोणी म्हणेल, ही बुद्धी नव्हे, उपजत खोड आहे. काही अंशी ते खरे असेल. परंतु लंडन येथे २०१६ साली भुंग्यासारख्या एका माशीस दोरी ओढून खाऊ मिळविण्यास शिकविले, तेव्हा दुसऱ्या माश्या नुसते पाहून ते शिकल्या. खोड अशी पाहून शिकता येत नाही.

तरी बुद्धी सिद्ध झाली म्हणून दया करावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्या लेकरास वाचा नाही किंवा ज्या म्हातारीस स्वतःचे नाव आठवत नाही, त्यांची भाकर आपण त्यांच्या बुद्धीच्या मापाने मोजून देत नाही. मग बुद्धीची चौकशी हवी कशाला? ती हवी ह्यासाठी की, समोरच्यास काय हवे व काय नको हे कळल्याखेरीज त्याचे देणे किती हे ठरत नाही. बैलगाडी शर्यतीचेच पाहा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. २०२३ साली पाच न्यायाधीशांनी राज्याचा सुधारलेला कायदा मान्य करून ती नियमांसह चालू राहू दिली. शर्यतीचे चाहते म्हणतात, खिलार बैलास पळण्याची हौसच असते. हे आम्ही खोटे म्हणत नाही. परंतु ज्यास हौस आहे त्यास नावडही असलीच पाहिजे. त्याचा होकार आम्हांस वाचता येतो असे जो म्हणतो, त्याने शेपूट पिरगाळताना नकारही वाचावा. बलामाच्या गाढवीस वाटेतील धोका दिसत होता. संदेष्ट्यास दिसला नाही, व मार मात्र तिने खाल्ला.

ह्याहून पुष्कळ हलके असे एक काम आटपाडीकडील डाळिंबकरांच्या हाती आहे. बाग फुलावर असता सकाळी औषध मारले म्हणजे, जी माशी फळधारणेस हातभार लावते तीच फुलावर मरते, व तिचा निरोप पोळ्यापर्यंत पोहोचत नाही. फुलांच्या दिवसांत फवारा टाळता येईल तर टाळावा; न टाळता येईल तर दिवस मावळल्यावर घ्यावा. तेव्हा माश्या घरी परतलेल्या असतात.