आलेला निरोप आणि आपली जबाबदारी

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्यांत परभणी शहरीं राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीं बंदास हिंसक वळण लागलें, आणि सरकारनें जमावबंदीबरोबर इंटरनेटहि बंद केलें. त्या प्रकरणांत पुढें कोठडींत झालेल्या तरुणाच्या मृत्यूचा प्रश्न याहून फार गंभीर आहे. तो स्वतंत्र विचाराचा विषय होय. येथें एवढेंच पाहूं कीं, ज्या साधनानें आमच्या तरुणांचीं मतें आज घडतात, त्याविषयीं सरकारचें कर्तव्य कोठें संपतें आणि आपलें कोठें सुरू होतें?

पूर्वीं गांवांत बातमी येई ती माणसाच्या तोंडून. सांगणारा कोण, त्याच्या शब्दाला वजन किती, हें ऐकणाऱ्यास ठाऊक असे. आज बातमी खिशांतील मोबाइलवर येते, आणि पुष्कळदां तिचा आईबाप कोण हें कोणासच माहीत नसतें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा गांवीं काय घडलें तें आठवा. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असा खोटा मजकूर व्हॉट्सॲपवरून पसरला होता. बाजाराच्या दिवशीं तेथें आलेल्या, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस जमावानें ठार मारिलें. आपण लेंकरांचें रक्षण करीत आहों, असें त्या जमावांतील पुष्कळांस वाटलें असेल. परंतु हेतु चांगला म्हणून शहानिशा करण्याचें कर्तव्य टळत नाहीं. आणि ज्यांनीं काठी उचलली नाहीं, केवळ मजकूर पुढें पाठविला, त्यांचे हात निर्मळ राहिले असें कोण म्हणेल?

अशा हत्या त्या वर्षीं देशांत अनेक ठिकाणीं झाल्या. सरकारनें व्हॉट्सॲपला जाब विचारिला, आणि त्याच जुलै महिन्यांत त्या कंपनीनें भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं मजकूर पुढें धाडण्यास आळा घातला.

तर मग सरकारनें सर्वांच्याच तोंडाला कुलूप लावावें काय? नाहीं. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर शंका लिहिली. दुसरीनें तिला पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींस अटक झाली. तें पाहून श्रेया सिंघल या तरुणीनें सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि २४ मार्च २०१५ रोजीं न्यायालयानें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६अ घटनाबाह्य ठरविलें. तरुणांचा शब्द सरकारचा कायदाहि पालटूं शकतो, तो असा.

पुढें १० जानेवारी २०२० रोजीं काश्मीरच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, इंटरनेट बेमुदत बंद ठेवतां येणार नाहीं, व तसे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. हें योग्यच झालें. कारण इंटरनेट बंद झालें म्हणजे अफवा पसरविणाऱ्याबरोबर विद्यार्थ्याचा अर्ज, दुकानदाराचा व्यवहार आणि अफवेचें खंडन करणारी खरी बातमी, हीं सर्व अडून पडतात. दंगलीच्या घटकेस थोडा वेळ प्रतिबंध लागेलहि. पण तो औषधाप्रमाणें मोजून द्यावा, अन्नाप्रमाणें नित्य नव्हे.

आतां पालघर व राईनपाडा यांतील भेद नीट पाहा. त्या तरुणीनें स्वतःला वाटलेलें स्वतःच्या नांवानें लिहिलें. अफवा पाठविणारा मात्र म्हणतो, "मला आलें, मीं पाठविलें." हें उत्तर पुरेसें नाहीं. पुढें धाडणें म्हणजे साक्ष देणें होय. आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणाऱ्यास आपण चावडीवर काय म्हणतों, हें सर्वांस ठाऊक आहे. सरकार खोट्यास शिक्षा करूं शकेल, पण ज्याच्या त्याच्या अंगठ्यावर पहारा ठेवूं शकणार नाहीं. तो पहारा ज्याचा त्यानेंच ठेविला पाहिजे, आणि घरच्या वडीलमाणसांनीं तो आधीं स्वतः ठेवून तरुणांस शिकविला पाहिजे.

म्हणून कोणताहि मजकूर पुढें पाठविण्यापूर्वीं मनाशीं एवढें विचारावें: ही गोष्ट मीं उद्यां गांवासमोर उभा राहून, स्वतःचें नांव सांगून बोलेन काय? उत्तर "नाहीं" असेल, तर तो निरोप आपल्याच हातीं थांबूं द्यावा.