खटला रावणाचा, परीक्षा मापाची

दोन काल्पनिक पात्रे शेजारी ठेवून त्यांचा विचार करणे ही समीक्षेतली जुनी रीत आहे. अलीकडे तिला सामन्याची कळा आली आहे. कर्ण श्रेष्ठ की अर्जुन, अशा शीर्षकाखाली दोन रकाने आखायचे, शौर्य, निष्ठा, त्याग, बुद्धी यांना दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज करून विजेता जाहीर करायचा. मणिरत्नम यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चे दोन भाग 2022 आणि 2023 मध्ये आले, तेव्हा कल्कींच्या मूळ कादंबरीतल्या नंदिनी आणि कुंदवै यांच्याही वाट्याला हेच आले. याच्याच जोडीची दुसरी टूम म्हणजे खलनायकच खरा नायक होता असे ठासून सांगणे. पहिल्या प्रकारात मोजपट्टी सरळ धरलेली असते, दुसऱ्यात उलटी. ती पट्टी कोणी आखली, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही. चेन्नईत पात्रतुलना ज्या वाटेने वाढली, त्या वाटेवर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला होता.

आरंभीचा टप्पा फारसा वादाचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने आणि पुढच्या शास्त्रकारांनी नायक-नायिकांचे प्रकार पाडले. तिथे पात्र प्रकाराशी ताडून पाहायचे, दुसऱ्या पात्राशी नव्हे. तोल्काप्पियम् या प्राचीन तमिळ ग्रंथाने प्रेमकवितेत नायक-नायिकेचे नावच घेऊ नये असा दंडक घातला. संगमकाव्यातली ती, तो, तिची सखी आणि आई ही माणसे बिननावाची राहिली, त्यामुळे तुलना प्रसंगांची झाली, व्यक्तींची नाही. नावानिशी उभी राहिलेली पात्रे आली ती ‘शिलप्पदिकारम्’सारख्या दीर्घकाव्यांतून.

त्या काव्यातला मदुराईच्या दरबारातला प्रसंग पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी ठेवता येतो. राणीचे पैंजण चोरल्याच्या आळावरून राजाने कोवलनला ठार करवले आहे. त्याची पत्नी कण्णगी उरलेले पैंजण घेऊन दरबारात येते. राणीच्या पैंजणात मोती आहेत. कण्णगी आपले पैंजण फोडते आणि माणके उधळतात. पांड्य राजाला आपला निवाडा चुकल्याचे कळते आणि तो सिंहासनावरच प्राण सोडतो. पैंजणांची तुलना होते आणि कोसळतो तो न्याय करणारा.

तमिळ रामायण रचणाऱ्या कंबनानेही तुलनेचा एक असाच नमुना घालून दिला. त्याच्या युद्धकांडात रणांगणावर बिभीषण कुंभकर्णाला भेटतो आणि रामाच्या बाजूला ये म्हणून विनवतो. वाल्मीकीत या भेटीला असा विस्तार नाही. रावण चुकला हे दोघाही भावांना ठाऊक आहे. तरी कुंभकर्ण जागचा हलत नाही. ज्याने इतकी वर्षे पोसले आणि आज शस्त्रे बांधून रणात धाडले, त्याला सोडून तो जाणार नाही. पण भावाला तो दोषही देत नाही. तू गेलास ते तुझ्यापुरते योग्य, मागे उरून आमचे पाणी सोडायला कोणीतरी हवेच, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. ज्ञान सारखे, निर्णय वेगळे, आणि कवी दोघांपैकी कोणालाही खाली बसवत नाही. या प्रसंगाला गुण देऊ पाहणाऱ्याचे कोष्टक रिकामेच राहते.

उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी 1892 मध्ये ‘शिलप्पदिकारम्’ छापून काढल्यावर सीतेशेजारी कण्णगी उभी करण्याची सोय झाली. ब्रॅडली यांची शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरची व्याख्याने 1904 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि महाविद्यालयांत स्वभावचिकित्सेचा परिपाठ पडला. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांचे सहकारी राहिलेले व. वे. सु. अय्यर यांनी आपल्या इंग्रजी अभ्यासग्रंथात कंबनाला वाल्मीकी, होमर आणि मिल्टन यांच्या पंक्तीला बसवून ताडले. एल. सी. नाइट्स यांनी 1933 मध्ये लेडी मॅकबेथच्या मुलांची संख्या विचारून ब्रॅडलीपंथाची टर उडवली, हेही सर्वज्ञात आहे. पात्र म्हणजे शब्दांची रचना की जितेजागते माणूस, हा तो वाद. मद्रासमध्ये मात्र दहा वर्षांनी पात्र माणूस की देव, असा वेगळाच वाद पेटला.

1943 ते 1947 ही ती वर्षे. त्यांचा रूढ अर्थ असा लावला जातो: द्रविड चळवळीने रामायण उलटे केले, रामाला खाली आणि रावणाला वर बसवले, आणि आजचे खलनायकप्रेम हे त्याचेच पीक आहे. या अर्थाला आधार नाही असे नाही. चळवळीचे नेते पेरियार यांचे रामायणातील पात्रांवरचे पुस्तक पात्रागणिक दोषारोपपत्रच मांडते. त्याचा इंग्रजी अवतार 1959 मध्ये निघाला, हिंदी अनुवादावर उत्तर प्रदेश सरकारने 1969 मध्ये जप्ती आणली आणि 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार हरले. पुलवर कुळंदै यांचे ‘रावण काव्यम्’ 1946 चे. त्यावर 1948 मध्ये बंदी आली आणि ती 1971 मध्ये उठली. ही उलथापालथ खरीच आहे. पण केवळ उलथापालथीने तुलनेची रीत बदलत नाही. रामाच्या जागी रावण बसवला तरी आसन तेच राहते.

रीत बदलली ती वेगळ्याच ठिकाणी, आणि त्या बदलाला दोन परस्परविरोधी गटांचे हात लागले. 1944 मध्ये मद्रासच्या मैलापुरात संस्कृत अकादमीच्या वतीने व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी वाल्मीकी रामायणावर तीस व्याख्याने दिली. शास्त्री हे गोखल्यांचे वारसदार, भारत सेवक समाजाचे माजी अध्यक्ष. चळवळीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. समोरचा श्रोता बहुतांशी श्रद्धाळू. तरीही त्यांनी रामाला अवतार मानून नव्हे, माणूस मानून वाचायचे ठरवले. देवाला मोह पडत नाही, म्हणून त्याने मोह जिंकण्यालाही मोल नाही. रामाचे मोठेपण दिसायचे तर तो चुकू शकतो हे आधी मान्य करावे लागते, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते. राम, लक्ष्मण, भरत, सुग्रीव, बिभीषण, रावण ही पात्रे त्यांनी एकाच मानवी पातळीवर आणली. पुढच्याच वर्षी अ. स. ज्ञानसंबंदन या पच्चैयप्पा महाविद्यालयातल्या तमिळ अध्यापकाने कंबनाच्या रावणाची थोरवी आणि पतन यांवर पुस्तक लिहिले. त्यांचा रावण शोकनायक आहे: मोठा आहे म्हणूनच त्याचे पडणे मोठे. कंबनावर निस्सीम प्रेम करणारा हा अभ्यासक रावणाला दूषणे न देता, त्याची आरतीही न ओवाळता त्याच्याकडे पाहू शकला.

द्रविड चळवळीचेच नेते सी. एन. अण्णादुरै यांचे ‘नीतिदेवन मयक्कम्’ हे नाटक 1947 चे. कंबरामायण जाळावे की नाही यावर 1943 मध्ये मद्रासच्या विधी महाविद्यालयात त्यांनी तमिळ पंडित रा. पि. सेतुपिळ्ळै यांच्याशी जाहीर वाद घातला होता, त्यामुळे हे नाटकही त्याच होळीतले एक लाकूड समजले जाते. नाटकाची घडण वेगळे सांगते. देवलोकात रावणाचा खटला पुन्हा चालवला जातो. आरोप निर्दयतेचा, आणि तो सिद्ध करायला खुद्द कंबन हजर. रावण आपली बाजू स्वतः मांडतो. आपण दयाळू होतो असे शाबीत करण्यात तो वेळ दवडत नाही. पुराणांनी पूज्य ठरवलेल्या ऋषी-राजांच्या निष्ठुरपणाचे दाखले तो एकामागून एक काढतो आणि विचारतो की हाच गुन्हा असेल तर शिक्षा मला एकट्यालाच का? उत्तर न सुचून नीतिदेव मूर्च्छित होतो. रावण निर्दोष सुटला असे नाटक म्हणत नाही. निकाल देणाराच भोवळ येऊन पडला, एवढेच ते दाखवते. मदुराईच्या सिंहासनावर कोसळलेला राजा ज्यांना ठाऊक होता, त्या तमिळ प्रेक्षकांना ही भोवळ परकी वाटण्याचे कारण नव्हते.

अण्णादुरैंच्या याच काळातल्या दुसऱ्या नाटकाने हा अर्थ पक्का होतो, आणि मराठी वाचकाला ते अधिक जवळचे आहे. ‘शिवाजी कंड हिंदु राज्यम्’ या नाटकाचा विषय शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. राज्य कमावलेल्या पुरुषाला राजा म्हणायचे की नाही, हे जन्मावरून ठरवू पाहणाऱ्यांचा तो पंचनामा आहे. गागाभट्टांची भूमिका अण्णादुरैंनी स्वतः केली. शिवाजीची भूमिका व्ही. सी. गणेशन या तरुण नटाने केली आणि ती पाहून पेरियार यांनी त्याला दिलेले ‘शिवाजी’ हे नाव त्याला आयुष्यभर चिकटले. दोन्ही नाटकांत आरोपीपेक्षा न्याय करणाऱ्यावर प्रकाश अधिक आहे.

पुढे या विचाराला ओहोटी लागली, ती लोकप्रियतेमुळे. सा. गणेशन यांनी 1939 मध्ये कारैकुडीत कंबन कळगम् स्थापले आणि कंबनोत्सवातून पट्टिमन्रम् हा वादसभेचा प्रकार रुजला. दोन पक्ष, मध्ये निवाडा करणारा, आणि विषय असे: आदर्श भाऊ भरत, लक्ष्मण की कुंभकर्ण? तिथे दाव्याला मूळ पद्याचा आधार द्यावा लागे, त्यामुळे निकालापेक्षा वाचन घडे. 1993 मध्ये सन टीव्ही सुरू झाल्यावर पोंगल-दिवाळीच्या सकाळी पट्टिमन्रम् घरोघर पोचले. विषय सासू-सुनांवर आले, पद्यांची जागा विनोदाने घेतली. निवाडा तेवढा राहिला. सीता की कण्णगी या वादाचेही तेच झाले. दोघींना पातिव्रत्याच्या एकाच पट्टीने मोजले गेले, आणि राजाला जाब विचारणे हे कण्णगीचे मुख्य कृत्य बाजूला पडले. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 1968 च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी कवी-पंडितांच्या पुतळ्यांच्या रांगेत तिचा पुतळा हाती पैंजण घेऊन उभा राहिला. डिसेंबर 2001 मध्ये तो हलवला गेला आणि 2006 मध्ये, सरकार बदलल्यावर, परत बसवला गेला.

मराठीत हेच वळण दोन दशकांनी आले आणि तिथेही दोन वाटा फुटल्या. दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ 1962 चे. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ ही दोन्ही 1967 ची. ‘युगान्त’मध्ये कर्णाच्या दुःखाला जागा आहे, पण द्यूतसभेतल्या त्याच्या वागण्याला माफी नाही. ‘मृत्युंजय’मध्ये निवेदक अनेक असले तरी सगळ्यांची नजर कर्णावर खिळलेली आहे. कादंबरीला तो हक्क आहेच. घोटाळा होतो तो वाचक कादंबरीतल्या कर्णाला महाभारतातल्या अर्जुनाशी झुंजवतो तेव्हा. दोन वेगळ्या ग्रंथांतली, वेगळ्या नियमांनी घडलेली माणसे एका रकान्यात बसत नाहीत.

विचाराचा मूळ धागा जपला तो चेन्नईच्या चित्रपटांनी. 1964 च्या ‘कर्णन्’मध्ये शिवाजी गणेशन यांचा कर्ण दानशूरपणाच्या जुन्या मापातच भव्य होता. मणिरत्नम यांच्या ‘दळपती’त (1991) कर्ण झोपडपट्टीतला सूर्या झाला आणि अर्जुन जिल्हाधिकारी, शेवटी मरतो तो दुर्योधनाच्या जागी असलेला देवराज, कर्ण नव्हे. त्यांच्याच 2010 च्या रामायणाधारित चित्रपटात विक्रम तमिळमध्ये रावणसदृश वीरा झाला, तर एकाच वेळी चित्रित झालेल्या हिंदी आवृत्तीत रामसदृश पोलीस अधिकारी. तोच नट दोन्ही बाजूंना उभा राहिल्याने चेहऱ्यावरून पक्ष ठरवण्याची सोय उरली नाही. पा. रंजित यांच्या ‘काला’त (2018) धारावीत रजनीकांत काळ्या कपड्यांत आणि नाना पाटेकर पांढऱ्या, घरात रामकथा चालू असताना वस्तीवर हल्ला होतो. काळा म्हणजे वाईट आणि पांढरा म्हणजे पवित्र हे माप कोणी ठरवले, हाच त्या रंगयोजनेचा प्रश्न. मारी सेल्वराज यांच्या ‘कर्णन्’मध्ये (2021) गावच्या म्होरक्याचे नाव दुर्योधन आहे आणि गावावर चालून येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव कृष्णाचे.

या इतिहासावरून तुलनेच्या तीन अटी निघतात. पात्र कोणत्या संहितेतले, हे आधी सांगावे: कंबनाचा रावण, वाल्मीकीचा रावण आणि अण्णादुरैंचा रावण हे तिघे आहेत. दोन्ही पात्रांना सारखी माहिती आणि सारखा पेच असलेला प्रसंग निवडावा, जसा कंबनाने दोन भावांसाठी निवडला. आणि ज्या गुणाने मोजायचे, तो गुण त्या संहितेत कोणाच्या सोयीचा आहे, हे तपासावे. तिसरी अट पाळली की बहुतेक वेळा विजेता जाहीर करता येत नाही. तुलनेचा उपयोग तिथून सुरू होतो, कारण दोन पात्रांमधला फरक त्यानंतरच नीट दिसू लागतो.