मसाज गन घेण्याआधी

चि. सोनू,

तुझा मेसेज आणि सोबतचे फोटो बघितले: हातात धरायची मसाज गन, मानेखाली घ्यायची फिरत्या गोळ्यांची उशी आणि कमरेला बांधायचा गरम होणारा पट्टा. तुझ्या मानेला आणि आईच्या पाठीला मिळून एकच काहीतरी घ्यावं असं तुझ्या मनात आहे. तसं करू नकोस. तुम्हा दोघांचं दुखणं वेगळं, हाडं वेगळी, चालू असलेली औषधं वेगळी. फोनवर हे सगळं अर्धवट राहील आणि सेल संपायच्या आत तू ऑर्डर करून मोकळा होशील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तुझी मान. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. मान सरळ असली की ते वजन मणक्यांवर नीट तोललं जातं. लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर वाकलास की ते पुढे कलतं आणि मानेमागच्या स्नायूंना ते मागून ओढून धरावं लागतं. केनेथ हन्सराज या अमेरिकन सर्जनने २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मान ६० अंश वाकली की मानेवरचा भार २७ किलोपर्यंत जातो. तो आकडा कुणाच्या मानेत मोजलेला नाही, संगणकावर मांडलेला आहे. पण मान जितकी खाली तितका भार जास्त, यात शंका नाही. हा भार उचलणाऱ्या स्नायूंपैकी दोन सांगते. कवटीच्या मागून खांद्यापर्यंत उतरणारा ट्रॅपिझियस, आणि त्याच्याखाली मानेपासून खांद्याच्या फऱ्याला जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली. संध्याकाळी तुझा हात आपोआप जिथे जातो, तीच यांची जागा. तासन्‌तास थोडंथोडं आवळून धरल्यामुळे ते थकतात, दुखतात, आणि दुखतं म्हणून आणखी आवळतात.

मशीनच्या जाहिराती सांगतात की गन गाठी फोडते, लॅक्टिक ॲसिड काढून टाकते, विषारी द्रव्यं बाहेर घालवते. यातलं काहीही होत नाही. लॅक्टिक ॲसिड व्यायामानंतर तासाभरात शरीर स्वतःच संपवतं, आणि खुर्चीवर बसून तुझ्या मानेत ते साठलेलंही नाही. बोटाला लागते ती गाठ म्हणजे ताणून राहिलेले स्नायूचे तंतू. ठोकून फोडावं असं तिथे काही नसतं. तरीही गन फिरवल्यावर बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खरं आहे. त्याचं कारण मज्जासंस्थेत आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धांत मांडला की स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट तिथेच अरुंद होते. पडलेल्या मुलाचा गुडघा आई चोळते, तेव्हाही हेच होतं. शिवाय सावकाश दाबल्याने स्नायूला ‘आवळून धर’ असं सांगणाऱ्या चेतापेशी थोडा वेळ शांत होतात. कातडीला ऊब येते. मान हलवायची भीती कमी होते. २०२० मध्ये झालेल्या एका प्रयोगात १६ पुरुषांच्या पोटऱ्यांवर पाच मिनिटं मसाज गन फिरवली, तर त्यांचा घोटा लगेच सुमारे पाच अंश जास्त वाकू लागला आणि स्नायूची ताकदही कमी झाली नाही. हाताने केलेल्या मसाजबद्दल २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २५ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. त्यांचा सूर असा: कंबरदुखीला थोड्या काळासाठी उतार पडू शकतो, पुढे तो टिकतो असं दिसत नाही.

गावाकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेत, ते ताईने, म्हणजे तुझ्या आईने, तुला सांगितलं असेलच. मला त्याचं कधी हसू आलं नाही. अचानक मिळालेला स्पर्श, मनाला आलेला धीर, आणि उसण तशीही बहुतेकदा काही दिवसांत ओसरतेच. तिन्ही मिळून माणूस उठून चालायला लागायचा. चालायला लागणं हाच त्यातला कामाचा भाग होता.

आणि तुला सांगायचं आहे ते हेच. मशीनने मिळणारी मोकळीक फार तर काही तास टिकते. त्या वेळात तू काय करतोस यावर पुढचं सगळं ठरतं. गन फिरवून पुन्हा सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलास, तर उद्या मान तिथेच आखडलेली असेल आणि परवा तू जास्त जोराची गन शोधशील. त्याऐवजी ती मिनिटं हालचालीला दे. हनुवटी सरळ मागे घे, पाच मोजेपर्यंत धर, सोड. दोन्ही फरे एकमेकांजवळ आण. दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती पुढे ताण. मग रबरी पट्टा. डेन्मार्कमध्ये २०११ साली लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मान-खांदे दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला. काहींना रोज दोन मिनिटं, काहींना रोज बारा मिनिटं पट्ट्याचा व्यायाम दिला, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, आणि दोन मिनिटंवाले बारा मिनिटंवाल्यांच्या फारसे मागे नव्हते. पट्टा पायाखाली धरायचा, टोकं हातात, कोपर किंचित वाकवून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पेशंटना दिलेल्या सल्ल्यांपैकी हा मला सर्वात आवडतो, कारण ‘वेळ नाही’ असं कुणालाच म्हणता येत नाही. आणि लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण, कीबोर्ड वेगळा घे. त्याला गनच्या निम्मेही पैसे लागणार नाहीत.

गन घेतलीसच तर कशी वापरायची ते सांगते. मोठं गोल फोमचं हेड लाव. टोकदार हेड डब्यातच राहू दे. वेग सर्वात कमी. उजव्या खांद्यासाठी डाव्या हातात धर, मान आणि खांदा यांच्यामधल्या मऊ उतारावर नुसती टेकव आणि तिच्या वजनापेक्षा जास्त दाबू नकोस. इंच-इंच सरकव, श्वास सोडत राहा. तो श्वास अडकायला लागला, दात आवळले जायला लागले, तर दाब जास्त झाला असं समज. त्या क्षणी स्नायू सुटण्याऐवजी उलट आवळतोय. एका बाजूला दीड-दोन मिनिटं पुरेत. खाली फरा आणि मणका यांच्यामधला मांसल भाग चालेल, कमरेखाली नितंबांचे स्नायू तर जरूर घे, कारण कंबर दुखते म्हणून येणाऱ्या पुष्कळांचे तिथलेच स्नायू कडक असतात.

मणक्याच्या हाडावर गन कधीच नको. गळ्यावर, मानेच्या बाजूला जिथे नाडी लागते तिथे, आणि कवटीच्या अगदी खालच्या खळग्यातही नको. मानेवर वारंवार गन वापरल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला पापुद्रा फाटल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. चीनमधल्या एका तरुणीच्या मांडीवर सायकल चालवून झाल्यावर गन फिरवली, त्यानंतर स्नायूच्या पेशी फुटून लघवी गडद झाली आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं. अशा घटना विरळ आहेत, पण जोर वाढवत नेणाऱ्या तुझ्यासारख्याला त्या ठाऊक असाव्यात.

माझं विचारशील तर निव्वळ मानेसाठी गन लागत नाही. टेनिसचा चेंडू घे, पाठ भिंतीला लाव, चेंडू फऱ्याच्या आतल्या बाजूला धर आणि गुडघे थोडे वाकवत वर-खाली हो. दुखरी जागा सापडली की तिथे वीसेक सेकंद थांब. दाब तुझ्याच हातात राहतो. महिनाभर हे कर, आणि मग जिमनंतरच्या मांड्या-पोटऱ्यांसाठी गन हवी वाटली तर घे. तिथे ती खरंच कामाची आहे.

फिरत्या गोळ्यांच्या उशीबद्दल एकच सांगते. अशा प्रकारच्या एका खांद्याच्या मसाजरमध्ये केस, कपडे, गळ्यातली साखळी अडकून गळा आवळला जातो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये तो वापरू नका असा इशारा दिला होता. एक मृत्यूही झाला होता. आपल्या घरात मंगळसूत्र, ओढणी, लांब केस. कापडाचं कव्हर फाटलेली उशी तर हातात घेऊच नये.

आता ताई. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, की ‘आईला मधोमध एकाच जागी दुखतं, रात्री कुशीवर वळताना जास्त’. माझं लक्ष त्याच ओळीवर गेलं. तिची हाडं ठिसूळ झाल्याचं डेक्सा तपासणीत दिसलेलं आहे. अशा बाईला साधी बादली उचलतानाही मणका दबू शकतो, आणि ते दुखणं असंच, एका जागी, वळताना चमकणारं असतं. त्यावर गन फिरवणं म्हणजे मोडत्या हाडावर ठोकणं. शिवाय स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. तिला जोराचा मसाज सोसणार नाही, आत रक्त साकळेल. तेव्हा आधी डॉक्टर आणि एक्स-रे, मग बाकीचं. तिला विचार, संध्याकाळी कणकण येते का, भूक आणि वजन कमी झालंय का. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून भरपूर दिसतो आणि महिनोन्‌महिने ‘पाठ भरलीय’ म्हणून चोळला जातो. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री इस्पितळ गाठायचं. ती सांगायला संकोचेल, म्हणून तूच स्पष्ट विचार.

एक्स-रे ठीक निघाला तर तिच्यासाठी गरम पट्टा घे. आपोआप बंद होणारा बघ. पंधरा-वीस मिनिटं, अंगावर सुती कपडा ठेवून, आणि लावून झोपायचं नाही. आधी बाम चोळून वर पट्टा, हे तर ती हमखास करेल. त्याने कातडी भाजते, तेव्हा बामची बाटली त्या वेळी उचलून ठेव. पट्टा नसेल तेव्हा कोमट तिळाचं तेल घेऊन तूच तिच्या पाठीला हलक्या हाताने लाव, मणका सोडून दोन्ही बाजूंनी, कमरेकडून वर. दिवसभर ती एकटी असते. तुझा हात पाठीवर फिरला तर तिला नीट झोप लागेल, आणि झोप लागली की दुखणंही कमी जाणवतं.

उद्याच डॉक्टरांची वेळ घे. सोबत डेक्साचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी ने. एक्स-रेचा फोटो मला लगेच पाठव. त्यात काही दिसलं तर मी शनिवारच्या गाडीने निघते. तोपर्यंत तिला खाली वाकून काही उचलू देऊ नकोस.

तुझी,
मावशी