बिनटोकाची सुरी

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा होते. शस्त्रे म्हणजे विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री आणि माझे जुने फाउंटन पेन! यंदा त्या रांगेत एक नवा पाहुणा आला. पिवळ्या मुठीची, वीतभर लांबीची, टोक नसलेली सुरी. सौभाग्यवतींनी तिच्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि विचारले, "ही मोडकी सुरी कशाला आणलीत?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर शोधता शोधता मी बराच दूर गेलो.

पन्नाशी उलटल्यावर मला कयाकचा नाद लागला. कयाक ही मुळात ग्रीनलंडकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची, सीलच्या कातड्याने मढवलेली अरुंद होडी. आता ती प्लास्टिकचीही मिळते आणि मालवणच्या समुद्रात हौशी माणसे ती वल्हवतात. होडी उलटली आणि हातपाय एखाद्या दोरात गुंतले, तर तो दोर कापायला सुरी जवळ हवी, असे शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावले होते.

दुकानात माझे मन बसले ते एका लांब, टोकदार, चकचकीत सुरीवर. दुकानातला तरुण म्हणाला, "काका, ही नको. लाटेत घाबरलेल्या हातातली टोकदार सुरी आधी स्वतःच्या मांडीत शिरते, नाहीतर सोबत्याच्या." त्याने ही बोथट टोकाची पुढे केली. धार अर्धी दातेरी, अर्धी सपाट. दाते जाड दोरासाठी, सपाट धार तंगुसासाठी. खारे पाणी 'स्टेनलेस'लाही सोडत नाही, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवायची. म्यान लाइफ जॅकेटला छातीवर अशा जागी लावायचे, की कोणताही हात तिथे पोहोचावा. कारण कोणता हात अडकणार, हे समुद्र आधी कळवत नाही.

किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात मी रंगीत तालीम केली. डोळे मिटले, श्वास रोखला, डाव्या हाताने सुरी उपसली आणि ती निसटून तळाशी गेली. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ही सुरी मी माझ्यासाठी घेतलीच नव्हती. ती घाबरलेल्या माझ्यासाठी होती, आणि त्या गृहस्थाशी माझी फारशी ओळख नाही. त्याला विचार करता येणार नाही; म्हणून त्याचा विचार मीच आधी करून ठेवला पाहिजे.

काठावर जाळे सांधत बसलेला एक म्हातारा मच्छीमार हे सारे पाहत होता. त्याने सुरी हातात घेतली, अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाला, "ही दोर कापतली, ता खरा. पण दोर कोणाचो, ता तिका कसा कळतला?"

मी निरुत्तर झालो. समुद्रात मला गुंतवणारा दोर बहुधा त्याच्यासारख्याच कोणाच्या तरी जाळ्याचा असणार. जीव वाचवण्यासाठी जाळे कापणे गैर आहे, असे तोही म्हणणार नाही. पण गैर नाही म्हणजे फुकट आहे, असे थोडेच? माझी हौस आणि त्याची भाकरी एकाच पाण्यात आहेत.

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माची चर्चा आहे. दुष्काळात उपाशी विश्वामित्र एका झोपडीत कुत्र्याचे मांस चोरायला शिरतो, घरधनी जागा होतो आणि दोघांत लांबलचक वाद होतो. विश्वामित्राला वादाला वेळ तरी मिळाला! पाण्यात उलट्या लोंबणाऱ्या माणसाला तो मिळत नाही. त्याचा धर्म-अधर्म काठावर, कोरड्या अंगानेच ठरायला हवा.

जे एका माणसाचे, तेच समाजाचेही. जाळ्यात कासव सापडले की त्याला सोडवायला मच्छीमाराने जाळे कापावे, असे आपण सहज म्हणतो. पण त्या दयेची किंमत एकट्याने का द्यावी? २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अशा संरक्षित जिवांसाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना काढली. जास्तीत जास्त २५,००० रुपये. कासव सोडवणारा हात एकाचा असला, तरी जाळ्याचे मोल सर्वांनी मिळून द्यायचे, असे आधीच ठरले. मला यात मोठे शहाणपण दिसते.

मीही मग काही गोष्टी ठरवल्या. सोबत्याला ओढण्याच्या माझ्या दोराला झटक्यात सुटणारी कडी लावली. म्हणजे कापण्याची पाळीच कमी यावी. जाळ्यांचे बोये दिसले की लांबून वळसा घालायचा. आणि तरीही कधी जाळे कापावे लागलेच, तर निमूटपणे पळून न जाता किनाऱ्यावर मालकाला शोधायचे आणि त्याचे देणे द्यायचे.

हे सगळे मी सौभाग्यवतींना सांगितले. सुरी मोडकी नाही, तिचे टोक मुद्दामच ठेवलेले नाही, हेही समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, फडताळातून शंभराची एक नोट काढली आणि सुरीशेजारी ठेवून तिलाही हळदकुंकू वाहिले.

"हे कशाला?" मी विचारले.

"जाळ्याचे," त्या म्हणाल्या. "सुरीची पूजा करायची, तर तिच्या देण्याचीही नको का करायला?"