ठिणगीची दांडी

परंडा तालुक्यातल्या एका वाड्याच्या ढेलजेत १९३० च्या सुमाराची एक फोर्ड मोटार उभी आहे. मॉडेल ए. १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत फोर्डने अशा सुमारे ४८ लाख गाड्या काढल्या, त्यातलीच ही एक. गाडी चालते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो, एरवी महिन्यातून एकदा शिवारापर्यंत फेरी होते. बॉनेट उघडलं की मात्र फोर्डचं इंजिन दिसत नाही. तिथे मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसलेलं आहे, सध्याच्या मालकांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, बसवून घेतलेलं.

या गाडीच्या स्टीअरिंगखाली दोन बारीक दांड्या आहेत. एक इंधनाची, दुसरी ठिणगीची. सिलिंडरमध्ये ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे त्या काळी चालकच ठरवत असे. हँडल मारण्याआधी दांडी वर सारायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. विसरलात तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट जाई. इंजिन धरलं की दांडी हळूहळू खाली घ्यायची. डिझेलला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे ती दांडी आता कशालाच जोडलेली नाही. तरी गाडी चालू करताना मालकांचा हात आधी तिच्याकडे गेला. दांडी वर गेली, मग सेल्फ मारला, इंजिन धडधडलं आणि दांडी खाली आली.

"तिचं आता काही काम नाही," ते म्हणाले. "पण आबांनी तसंच शिकवलं होतं. हात जातोच बघा."

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत बसलं की अशा गाडीबद्दल एकच शब्द ऐकू येतो: बिघडवलेली. मला तो शब्द मान्य नाही. पण 'गाडी आपली, हवं ते इंजिन टाकू' हेही मान्य नाही. इंजिन कोणत्या साली बनलं यावरून हा वाद सुटणार नाही. ते का बदललं, कसं बदललं आणि काढलेल्याचं काय केलं, हे पाहावं लागतं.

का बदललं, हे समजायला मराठवाडा आठवावा लागतो. परंड्याचा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांवर रस्तेवाहतूक सुरू केली. पण इथल्या मोटारवाल्याला जवळ पडायचं सोलापूर किंवा बार्शी, आणि ती दोन्ही इंग्रजी मुलखात, मध्ये करोडगिरीचं नाकं. मग महायुद्ध आलं, पेट्रोलवर नियंत्रण आलं आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या चढल्या. कारखान्यातून आली तशीच गाडी चालवायची हा चोखपणा या देशाला तेव्हाच परवडत नव्हता. पुढे मुंबईतले अमेरिकी कंपन्यांचे जुळणी-कारखाने पन्नाशीच्या दशकात बंद झाले आणि सुट्या भागांची वाट आणखी अरुंद झाली.

त्यात मॉडेल ए च्या इंजिनाची एक अडचण होती. त्यात आजच्यासारखी तयार बेअरिंग नाहीत. व्हाइट मेटल वितळवून ते थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतायचं, मग कोरायचं, क्रँक फिरवून कुठे घासतं ते बघायचं आणि खरवडत खरवडत जागेवर आणायचं. झीज झाली की टोपीखालची पातळ पत्र्याची पट्टी काढून पुन्हा आवळायचं. हे काम हाताला कळतं, पुस्तकात वाचून येत नाही. ती माणसं एकेक करून गेली. बेअरिंग ओतणारा उरला नाही की इंजिन धड असूनही निकामी होतं. अशा वेळी घरापुढे दोनच वाटा होत्या: गाडी भंगारात घालायची किंवा तिला दुसरं काळीज द्यायचं.

दुसरं काळीज देणं हा उद्योगही जुनाच आहे. इंग्लंडात पीटरबरोला १९३२ मध्ये फ्रँक पर्किन्सने कंपनी काढली ती हलकी, वेगाने फिरणारी डिझेल इंजिनं करण्यासाठी, आणि पेट्रोलच्या ट्रकांत ती बसवणं हा तिचा मोठा धंदा झाला. आपल्याकडे मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्स बनवू लागली, तेव्हा जुन्या ट्रकांचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवणं हे नेहमीचं काम झालं. गावोगावच्या विलिस जीपचीही हीच कथा आहे. बैलगाडीची लाकडी चाकं गेली, टायर आले, तेव्हा तिला कोणी बाटलेली म्हटलं नाही.

परंड्याच्या गाडीत हे काम कसं झालंय ते मी वाकून पाहिलं. डिझेल इंजिन आणि फोर्डचा मूळ तीन गिअरांचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये अर्धा इंच जाडीची एक लोखंडी प्लेट आहे, सोलापुरात लेथवर केलेली. गिअरबॉक्स ठेवणं हा शहाणपणा होता. या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंतचा शाफ्ट एका बंद नळीत फिरतो आणि चाकांचा रेटा ती नळीच झेलते. गिअरबॉक्स बदलला असता तर नळी गेली असती, नळी गेली की मागचा धुरा, धुरा गेला की पाटा. मूळच्या ३.३ लिटरच्या इंजिनाची ताकद ४० अश्वशक्तीच, पण पीळ भरपूर, त्यामुळे नव्या इंजिनाने त्या गिअरांना झेपणार नाही असं काही मागितलं नाही. जुनं इंजिन हवा-पेट्रोल सव्वाचार पट दाबायचं, हे डिझेल हवा २१ पट दाबतं, म्हणून हादरे जास्त. ते सोसायला इंजिनाखाली जाड रबर दिलंय. चेसिसला मात्र गॅस कटिंगचा एकही ओरखडा नाही. ब्रेक अजून सळयांचे आहेत. मालक चाळिसाच्या वर जात नाहीत, आणि ते बरोबर करतात.

हे काम करणाऱ्या मिस्त्रीने परतीचा रस्ता मोडला नाही. आठ-दहा बोल्ट सोडले की फोर्डचं इंजिन पुन्हा आपल्या जागी बसेल.

आज पुण्या-मुंबईकडे जे चाललं आहे त्याला या मापाने मोजलं पाहिजे. धड चालणारं जुनं इंजिन काढायचं, शंभर-दीडशे अश्वशक्तीचं नवं बसवायचं, त्यासाठी चेसिस कापायची, ब्रेक, धुरा, स्टीअरिंग सगळं पालटायचं आणि उरलेल्या पत्र्याला १९३० म्हणायचं. यात नड कुठेच नाही, आहे ती केवळ सोय. जुनं इंजिन तर किलोवर विकलं जातं. हे मला मनापासून खटकतं. जे विकलं ते पुन्हा ओतलं जाणार नाही.

सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला क्रमांकात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मनाई, प्रदर्शन-रॅलीला परवानगी. हे आलं ते चांगलंच. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. या वाक्यात परंड्याची गाडी आणि कापून-जोडून केलेली हौशी गाडी एकाच रांगेत येतात. नडीपोटी, जपून आणि परत फिरवता येईल असा केलेला जुना बदल नोंदीसह मान्य करणारं एक पोटकलम हवं. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा रोखही हाच आहे: वापराच्या काळात झालेले बदल हा वाहनाचा इतिहास आहे, आणि आज काही करायचं तर ते परत फिरवता यावं, त्याची नोंद राहावी.

सनद लांबची वाटत असेल तर याच जिल्ह्यातल्या तेरला जावं. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर मुळात विटांचं बौद्ध चैत्यगृह होतं असं मानतात, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. विटा जुन्या, आतला देव नंतरचा. मूळ रूप हवं म्हणून त्रिविक्रमाला तिथून हलवा, असं कोणी शहाणा म्हणणार नाही, आणि देव बदलला म्हणून ती वास्तू प्राचीन नाही असंही नाही. परंड्याच्या गाडीतून मॅटाडोरचं इंजिन उपटून बाजारातून दुसरं एखादं मॉडेल ए चं इंजिन बसवणं मला म्हणूनच पटत नाही. ते इंजिन फोर्डचं असेल, या गाडीचं नसेल.

या गाडीचं इंजिन आहे कुठे? मॉडेल ए च्या बाबतीत हा प्रश्न कागदोपत्रीही मोठा आहे. फोर्डने गाडीचा क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकला. तोच चेसिसवरही आहे, पण बॉडीखाली झाकलेला. नोंदणी इंजिनावरच्या आकड्याने होई. इंजिन भंगारात गेलं की गाडीचं नावच गेलं.

मी विचारलं तेव्हा मालक वाड्यामागच्या कडब्याच्या गंजीकडे घेऊन गेले. पोत्यांखाली ब्लॉक होता. भंगारवाला तीनदा येऊन गेला, आबांनी दिला नाही. सिलिंडरांच्या तोंडांवर फळी ठोकलेली, आत कधीकाळी घातलेल्या ग्रीसचे पोपडे. आम्ही दोघांनी मिळून तो उभा केला. रॉकेलचा बोळा फिरवत गेलो तसा डाव्या बाजूच्या सपाट पट्टीवर आधी फोर्डची चांदणी दिसली, मग एकेक आकडा. चार लागले. पुढचे गंजाखाली होते. मालकांनी नातवाला हाक मारली आणि वही आणायला सांगितलं.